प्लिमथ रोडच्या पलीकडे

डेट्रॉइटच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की आमच्या वयाची मंडळी एका कोपऱ्यात खुर्च्या ओढतात आणि आमच्या गावाची, जुन्या ॲन आर्बरची उजळणी सुरू होते. बॉर्डर्स आठवतं का? इथे स्टेट स्ट्रीटवर १९७१ साली सुरू झालेलं दुकान, देशभर पसरलं आणि २०११ साली नाहीसं झालं. शमन ड्रमसारखं पुस्तकांचं दुकान पुन्हा होणे नाही. ड्रेक्सची सँडविचं तर विचारूच नका. मी गावात आले त्याच्या पुढच्याच वर्षी ते दुकान बंद झालं, तरी मी त्याच्या चवीवर अधिकारवाणीनं बोलते. मग डाउनटाउनमध्ये दारात मिळणारं पार्किंग येतं, आणि शेवटी कुणीतरी सुस्कारा सोडतं, “आणि रस्ते किती मोकळे होते हो! या कौन्सिलनं सगळी वाट लावली. जिकडे बघावं तिकडे पट्टे, खांब आणि दिवे.”

बॉर्डर्ससाठी मीही हळहळते. मोकळ्या रस्त्यांच्या वेळी मात्र मी गप्प बसत नाही. ते रस्ते ज्यांना मोकळे वाटत होते ते गाडीत बसलेले होते. मी कडेला उभी होते.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये मी इथे आले. नवऱ्याची नॉर्थ कॅम्पसवर इंजिनिअरिंगची पीएच.डी. सुरू होती आणि आमचा संसार विद्यापीठाच्या नॉर्थवुड वसाहतीत होता. दुमजली जोडघरं, मागे झाडी, संध्याकाळी अंगणात हरणं. पुण्याला पत्रात लिहायला सगळं झकास होतं. माझ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या बायकांना नोकरीची परवानगी नसे. गाडी असलीच तर घरात एक, तीही सकाळी नवऱ्याबरोबर जायची. त्यामुळे नॉर्थवुड ही दिवसा बायका, मुलं आणि बाबागाड्या यांची वसाहत असे. चिनी, कोरियन, तुर्की, भारतीय, सगळ्या आम्ही पायी चालणाऱ्या.

दूध आणि ब्रेड आणायचं ठिकाण ट्रॅव्हर व्हिलेज. घरातून दिसावं इतकं जवळ, पण मध्ये प्लिमथ रोड. जाणाऱ्या दोन लेन, येणाऱ्या दोन आणि मधली डावीकडे वळणाऱ्यांची. अशा पाच लेन ओलांडायच्या. सिग्नल होते, पण लांब लांब. बस थांबायची दोन सिग्नलांच्या मध्ये, आणि ती थांबली की उतरलेला माणूस एकतर दहा मिनिटं चालत सिग्नलपर्यंत जाणार, किंवा तिथेच, रस्त्याकडे बघत, संधीची वाट पाहणार. बहुतेक जण संधीची वाट पाहत. हातात पिशव्या असल्या, त्यातून नोव्हेंबरची संध्याकाळ असली, साडेपाचलाच अंधार पडलेला असला, तर वळसा घालण्याचा शहाणपणा फार थोड्यांना सुचतो. मधल्या लेनमध्ये बाबागाडीचा दांडा घट्ट धरून, दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांत मीही असायची.

आई पहिल्यांदा आली १९९६ मध्ये, माझ्या बाळंतपणासाठी. कर्वे रस्त्याच्या आसपास जन्म गेलेली बाई. रोज सकाळी भाजी, दूध, देऊळ आणि दोन मैत्रिणी एवढा फेरफटका तिच्या अंगवळणी पडलेला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “अगं, मी घेऊन येते कोथिंबीर, त्यात काय.” मी बरोबर गेले म्हणून बरं. प्लिमथ रोडच्या कडेला येऊन तिनं पुण्यात करते तेच केलं. पदर खोचला, उजवा हात पुढे करून गाड्यांना दाखवला आणि पाऊल टाकलं.

पुण्यात त्या हाताला किंमत होती. रिक्षा, लूना, सायकली, पीएमटी, सगळे मिळून तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जात नसत, हात पाहून वळसा घालायला किंवा ब्रेक दाबायला त्यांना वेळ मिळायचा. शिव्याही मिळायच्या, पण माणूस पलीकडे पोचायचं. इथे गाडी येत होती चाळीस मैलांनी, म्हणजे चौसष्ट किलोमीटरनं, आणि चालवणाऱ्याच्या डोक्यात त्या रस्त्यावर साडी नेसलेली बाई असण्याची शक्यताच नव्हती. तो उद्धट होता असं नाही. मी तिचा दंड धरून मागे ओढलं. पुढचे पाच महिने आईनं एकटीनं तो रस्ता ओलांडला नाही. ‘सोन्याचा पिंजरा’ हे शब्द परदेशी मुलांकडे जाऊन आलेल्या प्रत्येक आईवडिलांच्या तोंडी असतात. आपण ते विरहाचे, भाषेचे, थंडीचे म्हणून ऐकतो. मला वाटतं, त्यातला बराचसा पिंजरा पाच लेनचा असतो.

तेव्हाचं डाउनटाउन याहून बरं होतं. मेन स्ट्रीट, लिबर्टी, स्टेट हे जुने, अरुंद रस्ते. १८२४ साली वसलेल्या गावाची ती हाडं. तिथे गाड्यांना आपोआपच हळू जावं लागे. पण त्यांच्या मधूनच डिव्हिजनसारखे एकेरी वाहतुकीचे रुंद रस्ते काढलेले होते, जिथे एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलवर झेप घेत गाड्या निघायच्या. नवरा सायकलनं डाउनटाउनला जाई. डिव्हिजनवर तो सायकल फुटपाथवर चढवायचा, म्हणजे गाड्यांना तो भ्यायचा आणि त्याला म्हाताऱ्या बायका भ्यायच्या. शहराच्या कडेच्या वस्त्यांत तर साइडवॉक चालता चालता मध्येच संपे. पुढे गवत, मग कुणाचं तरी अंगण, मग पुन्हा साइडवॉक. हिवाळ्यात बर्फाचा नांगर रस्ता साफ करताना सगळा बर्फ कोपऱ्यावर, नेमका उताराच्या तोंडाशी लोटून जायचा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं काय करायचं हा प्रश्न विचारणारे लोक या गावात पहिल्यापासून होते, १९७६ पासून इथे अपंगांच्या स्वावलंबनासाठी झटणारं केंद्र आहे. पण विचारणारे थोडे आणि नांगर मोठा.

या चित्राला ‘मोकळे रस्ते’ म्हणायचं तर म्हणा. मुळात तेव्हा चालणाऱ्यांची आठवणच कुणाकडे नाही, कारण तेव्हाचे चालणारे वर्षा-दोन वर्षांत गाडी घेऊन आत बसले किंवा सहा महिन्यांच्या व्हिसावर परत गेले.

बदल सुखासुखी आला नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये, परदेशातून शिकायला आलेल्या विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनी प्लिमथ रोड ओलांडताना गाडीखाली सापडून गेल्या. नॉर्थवुडमधल्या आमच्या जुन्या शेजारणींचे फोन खणखणत राहिले. कोण होत्या हे कुणालाच विचारावंसं वाटत नव्हतं, कुठे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या काही वर्षांत रस्त्याच्या मधोमध काँक्रीटची बेटं आली, पट्टे आले. बेट म्हणजे दिसायला काहीच नाही, गुडघ्याएवढाही नसलेला एक ओटा. पण पाच लेनच्या एका रस्त्याचे त्यानं दोन लेनचे दोन रस्ते करून टाकले. अर्धा ओलांडा, श्वास घ्या, मान दुसरीकडे वळवा, मग उरलेला ओलांडा. नंतर बटण दाबलं की लकलकणारे पिवळे दिवे आले. ह्युरॉन स्ट्रीटवर वायएमसीएजवळ तर २०१० च्या सुमारास, पादचाऱ्यानं बटण दाबलं तरच लाल होणारा वेगळ्या धाटणीचा सिग्नल बसला. आमच्यातले निम्मे लोक पहिले काही महिने त्याच्यापुढे नुसतेच बावचळून उभे.

खरी लढाई झाली ती कायद्याच्या एका ओळीवरून. क्रॉसवॉकवर उतरलेल्या माणसाला वाट द्यायची, हा सगळीकडचा नियम. ॲन आर्बरनं २०१० साली आणि मग डिसेंबर २०११ मध्ये तो पुढे नेला. माणूस रस्त्यात उतरलाच पाहिजे असं नाही, क्रॉसवॉकच्या तोंडाशी कडेला थांबला असेल तरी गाडी थांबली पाहिजे. फरक एका पावलाचा. पण ते पाऊल कुणी आधी टाकायचं, हाच तर सगळा वाद होता. आधीच्या नियमात जीव धोक्यात घातल्याखेरीज हक्क मिळत नव्हता. नवीन नियमानं गाडीला सांगितलं, आधी तू थांब.

गावात गोंधळ उडाला. बाहेरून येणाऱ्यांना हा नियम ठाऊक नव्हता. इप्सिलँटीहून, कँटनहून रोज हजारो लोक इथे कामाला येतात, त्यांच्या गावात असं काही नाही. पुढची गाडी अचानक थांबली की मागची तिच्यावर आदळणार, हा विरोधकांचा मुद्दा, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. दुसरा धोका त्याहून भयंकर. एका लेनमधला सज्जन थांबतो, त्याच्यावर विसंबून माणूस निघतो, आणि शेजारच्या लेनमधल्याला थांबलेल्या गाडीमागून येणारा माणूस दिसतच नाही. आमच्या मराठी मंडळींतही तट पडले. नोकरीवर जाणारे म्हणत, हे थोतांड आहे. ज्यांचे आईवडील तेव्हा इथे आले होते, ते म्हणत, राहू द्या. गंमत म्हणजे कित्येकदा तो एकच माणूस असे. मे ते ऑक्टोबर कायद्याच्या बाजूनं, आईवडील विमानात बसले की विरोधात.

२०१३ च्या उन्हाळ्यात प्लिमथ रोडच्याच क्रॉसवॉकवर आणखी एका तरुणीचा जीव गेला. त्यानंतर वाद पेटला, आणि डिसेंबरमध्ये कौन्सिलनं बहुमतानं ठरवलं की ती ओळ काढून टाकायची, रस्त्यात उतरलेल्यालाच वाट द्यायची. कौन्सिलच्या बैठका इथे स्थानिक केबलवर दिसतात. सोमवारी संध्याकाळी सुरू होतात आणि कधी कधी मध्यरात्र ओलांडतात. कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. मी त्या दिवसांत त्या बैठका मालिकेसारख्या पाहत होते. काठी टेकत आलेला म्हातारा, बाळाला कडेवर घेतलेली आई, आकडे घेऊन आलेला इंजिनिअर, आणि “मी पंचवीस वर्षं गाडी चालवतो, मला शिकवू नका” म्हणणारा गृहस्थ. पुण्याच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेची सवय असलेल्या मला सगळ्यात नवल वाटायचं ते एवढ्याचंच, की माईक कुणी हिसकावून घेत नव्हतं.

कौन्सिलचा ठराव टिकला नाही. महापौर जॉन हिफ्ट्यी यांनी तो नाकाराधिकार वापरून फेटाळला, आणि तो उलटवायला लागणारी आठ मतं विरोधकांकडे नव्हती. चौदा वर्षं महापौर असलेल्या या माणसाचं पुढे कुणाला काय आठवेल ते असो. त्या एका सहीसाठी मी त्यांची ऋणी आहे. माझ्या आईचा पुढे केलेला हात प्लिमथ रोडवर जे करू शकला नव्हता, ते करायची सोय त्या ओळीत होती.

अर्थात कायदा नुसता कागदावर असून भागत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गाडी कोणत्या वेगानं जाते हे पाटी ठरवत नाही, रस्ता ठरवतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की सज्जन माणसाचाही पाय दाबला जातो. त्यात मिशिगनची जुनी रीत अशी, की शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत जातात, त्यावरून वेगमर्यादा ठरवायची. म्हणजे रस्ता आधी धावपट्टीसारखा बांधायचा, लोक धावले की मोजायचं आणि तोच वेग योग्य म्हणून पाटीवर लिहायचा. परीक्षेत बहुसंख्यांनी जे उत्तर लिहिलं तेच बरोबर धरण्यातला हा प्रकार. अलीकडे राज्यानं ही अट थोडी सैल केली आहे. आणि वेगाचा हिशेब क्रूर आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रतिष्ठानानं २०११ साली काढलेल्या आकड्यांप्रमाणे ताशी २३ मैलांच्या धडकेत दहांतला एक पादचारी दगावतो, आणि ४२ मैलांच्या धडकेत दोघांतला एक. मैलांचा फरक एकोणीस. आई ज्या गाडीसमोर हात धरून उभी राहिली होती, ती दुसऱ्या जातीची होती.

इथे मला एका प्राध्यापकांचं काम फार आवडतं. वेस्टर्न मिशिगन विद्यापीठातले रॉन व्हॅन हाउटन मानसशास्त्राचे. रस्त्याचा प्रश्न इंजिनिअरऐवजी मानसशास्त्रज्ञानं हातात घेतला तर काय होतं? त्यांनी क्रॉसवॉकपाशी लेनच्या दोन्ही कडांना, रेषांवरच, लवचिक पाट्या उभ्या करून पाहिल्या. गाडी जायला जागा तेवढीच, पण दरवाजातून गेल्यासारखं वाटतं आणि माणूस आपसूक पाय उचलतो. मिशिगनच्या निरनिराळ्या गावांत त्यांनी मोजून दाखवलं, की एवढ्यानं थांबणाऱ्या गाड्या लक्षणीय वाढतात. दंड नाही, पोलीस नाही. त्या पाट्यांवरून गाडी नेऊन त्या आडव्या पाडणारे महाभागही आहेत, ते सोडा.

२०१६ च्या ऑक्टोबरमधल्या एका काळोख्या सकाळी फुलर रोडवर, ह्युरॉन हायस्कूलच्या वाटेवर, शाळेत निघालेला एक मुलगा रस्ता ओलांडताना गेला. माझी मुलगी त्याच शाळेत शिकून आधीच बाहेर पडली होती. त्या रस्त्यानं ती सकाळी साडेसातच्या आत, टोपी डोळ्यांवर ओढून, शेकडो वेळा गेली असेल. त्यानंतर शाळांजवळच्या क्रॉसवॉकचे दिवे, पाट्या आणि वेग यांवर गावानं पुन्हा सगळं तपासायला घेतलं. मला याबद्दल अधिक लिहवत नाही.

आता डाउनटाउनमध्ये या. विल्यम स्ट्रीटवर २०१९ साली सायकलींसाठी वेगळी वाट झाली. नुसता रंगवलेला पट्टा नव्हे, तर गाड्यांपासून कठड्यानं तोडलेली, जाणारी-येणारी दोन्हीकडची. मग फर्स्ट स्ट्रीट, डिव्हिजन, मिलर, कॅथरीन. होय, तोच डिव्हिजन. मुलगी आता मागच्या आसनावर नातवाला बसवून त्यावरून जाते, आणि फुटपाथवरच्या म्हाताऱ्या बायका, म्हणजे मी, तिला भीत नाही. पार्किंगच्या जागा गेल्या यावरून दुकानदारांचा संताप झाला होता, आणि तो समजण्यासारखा होता. ज्यांची दुकानं त्या खणलेल्या महिन्यांत तगली नाहीत त्यांना सायकलवाटेचं कौतुक सांगायला जाऊ नये. स्टेट स्ट्रीटचा लिबर्टीच्या आसपासचा तुकडा २०२२ साली असा नव्यानं बांधला, की रस्ता आणि साइडवॉक एकाच पातळीवर आले. चाकाची खुर्ची, बाबागाडी, सामानाची ढकलगाडी, कुणालाच पायरी नाही. करोनाच्या उन्हाळ्यात, २०२० साली, मेन स्ट्रीट शनिवार-रविवारी गाड्यांना बंद ठेवून हॉटेलांची टेबलं रस्त्यात मांडली. ती सवय पुढच्या उन्हाळ्यांतही राहिली. पहिल्यांदा मेन स्ट्रीटच्या मधल्या पिवळ्या रेषेवरून चालताना मला उगाचच दोन्हीकडे बघावंसं वाटत होतं.

आणखी एक बदल, ज्यावर घरोघरी भांडणं झाली. २०२३ साली कौन्सिलनं डाउनटाउनमधल्या ५० सिग्नलांवर, लाल दिवा असताना उजवीकडे वळायला बंदी केली. आपल्याकडे ‘फ्री लेफ्ट’ असतो तसा हा इथला उजवा. नवरा म्हणाला, “हा तर जन्मसिद्ध हक्क आहे.” तो जन्मसिद्ध नाही, १९७५ चा आहे. तेलटंचाईच्या काळात, सिग्नलवर थांबून पेट्रोल जळू नये म्हणून केंद्र सरकारनं राज्यांना ही मुभा द्यायला लावली. पेट्रोलच्या थेंबांसाठी दिलेली सवलत पन्नास वर्षं टिकली. आणि वळणारा चालक बघतो डावीकडे, गाड्यांकडे. सिग्नलवर चालण्याचा पांढरा माणूस दिसला म्हणून त्याच्या उजव्या चाकाशी निघालेली आजी त्याला दिसतच नाही. नवरा अजून कुरकुरतो, पण थांबतो. त्याच्या मागच्या गाडीला हॉर्न वाजवावासा वाटला तरी वाजवत नाही. अमेरिकेचा हा एक गुण मान्य करायला हवा.

बिनबोभाट झालेले बदल कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण मला सगळ्यांत मोलाचे तेच वाटतात. पूर्वी घरासमोरच्या साइडवॉकची फरशी उखडली तर दुरुस्ती घरमालकाच्या खर्चानं व्हायची. त्यामुळे ज्याला परवडे त्याच्या दारात गुळगुळीत आणि शेजारी ठेच. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये गावानं मतदान करून एक छोटा कर स्वतःवर लावून घेतला आणि हे काम शहराकडे दिलं. २०२० साली दुसरा कर, मध्येच संपणारे साइडवॉक जोडण्यासाठी. बर्फ मात्र अजून घरमालकानंच २४ तासांच्या आत काढायचा. हात दुखतात, तरी तक्रार नाही. कोपऱ्यावरचा तो बर्फाचा ढीग, नांगरानं लोटलेला, अजूनही तिथेच असतो. त्या बाबतीत १९९२ आणि आज यांत काडीचा फरक पडलेला नाही.

पुण्याला गेले की मी आता उलटी तुलना करते. आईचा तो कर्वे रस्ता. वर मेट्रो, २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज अशी सुरू झालेली, आणि खाली असा प्रवाह की हात दाखवायला हात पुढेच करता येत नाही. तिला जे कमी वेगाचं कवच मिळालेलं होतं, सगळेच हळू म्हणून सगळेच वाचले, ते रस्ते रुंद केले तसं गेलं. पुण्यानं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, बसता येईल असे फुटपाथ केले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. मी एका वर्षी मुद्दाम त्या दिवशी गेले. सोन्याच्या पेढ्यांसमोर रस्त्यात लहान मुलं खेळत होती, आणि माझी मावसबहीण म्हणाली, “लग्नाच्या खरेदीला आपण असेच फिरायचो गं.” फिरत नव्हतो. तेव्हाही लक्ष्मी रस्त्यावर गाड्यांना अंग चोरूनच चालावं लागे. पण एका दिवसात माणसाला खोटी आठवणसुद्धा किती गोड वाटू लागते! बाकीचे ३६४ दिवस बाकी आहेतच. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. त्यापुढे सव्वा लाख वस्तीच्या ॲन आर्बरच्या गोष्टी म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरातली भांडणं वाटतील. मला तसं वाटत नाही. इथला पैसा पुण्याला नेता येणार नाही, पण बेटाला लागणारं सिमेंट पुण्यातही मिळतं.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. २०२१ साली ॲन आर्बरनं वाहतुकीचा मोठा आराखडा मंजूर केला. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये स्वीकारलेलं तत्त्व त्यात घेतलं, की रस्त्यावरचा एकही मृत्यू, एकही गंभीर इजा अटळ म्हणून चालवून घ्यायची नाही. आणि त्यासाठी वर्ष ठरवलं २०२५. ते वर्ष आलं, शून्य आलं नाही. सबंध देशाचं तर चाक उलटंच फिरलं. २००९ साली अमेरिकेत ४,१०० च्या आसपास पादचारी मेले होते, २०२२ साली ७,५०० हून जास्त. गाड्या उंच आणि जड झाल्या, हातात फोन आले. आमच्या मंडळातल्या प्रत्येक घरासमोर आता जी गाडी उभी असते, तिचं बॉनेट माझ्या खांद्याला लागतं. आणि ह्युरॉन स्ट्रीट, वॉशटेनॉ, जॅक्सन हे गावातले मोठे, वाईट रस्ते राज्याच्या ताब्यात आहेत. तिथे एक पट्टा ओढायचा तर शहराला राज्याच्या राजधानीची, लॅन्सिंगची परवानगी लागते. वॉशटेनॉवर बसमधून उतरलेल्या माणसाला पाहिलं की मला वाटतं हे १९९२ च आहे.

तरीही जुनं-नवं तोलायची वेळ आली तर मी हिशेब असा करते. आईला तेव्हा कोथिंबिरीसाठी कुणाची तरी वाट पाहावी लागली. मी आज तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, गुडघा बदललेला आहे, संध्याकाळनंतर गाडी चालवत नाही, आणि ट्रॅव्हर व्हिलेजला एकटी जाते. बटण दाबते, दिवे लकलकतात, गाडी थांबली की दुसऱ्या लेनमधली थांबेपर्यंत थांबते, बेटावर दम खाते. यात धाडस काहीच नाही, आणि नसावंच. बॉर्डर्स गेलं ते वाईटच झालं. रस्ते सुधारले ते चांगलं झालं. दोन्ही एकाच दमात सांगितलं की आमच्या कोपऱ्यातली मंडळी थोडी नाराज होतात.

ॲन आर्बरला किंवा अमेरिकेत कुठेही राहत असाल आणि या उन्हाळ्यात आईवडील येणार असतील, तर विमानतळावरून आणल्यावर पहिल्या शनिवारी त्यांना घेऊन दुकानापर्यंत पायी जा, बटण कुठे आहे ते दाखवा आणि परत येताना त्यांना पुढे चालू द्या. वाटेत जिथे तुमचाच जीव घाबरेल ती जागा शहराच्या ‘ए-टू फिक्स इट’ या तक्रार-सेवेवर त्याच दिवशी कळवा. आणि कौन्सिलच्या बैठकीत तीन मिनिटं मिळतात. आमच्या मराठी घरांतून तिथे उठून बोलणारे मी आजवर फार थोडे पाहिले. यंदा आजीला बरोबर न्या, ती बोलेल.